१८ बैठका, ३९ दिवस आणि १४ वर्षं : गोवा विद्यापीठातल्या एका चौकशीचा अभ्यास

१२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. हिमा कोहली यांच्या खंडपीठाने गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात निकाल दिला. विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून बडतर्फ झालेल्या एका विभागप्रमुखांचं ते अपील होतं. बडतर्फी कायम ठेवणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल खंडपीठाने रद्द केला आणि प्रकरण विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे परत पाठवलं. चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुढे घ्या, असा आदेश झाला. म्हणजे चौदा वर्षं आणि एक आठवडा मागे.

या निकालाची चर्चा होते ती बहुधा त्याच्या शेवटच्या भागामुळे. देशभरातल्या सरकारी कार्यालयांत आणि संस्थांत तक्रार समित्या खरोखर नेमल्या आहेत का ते तपासा, असे निर्देश तिथे आहेत. ते महत्त्वाचे आहेतच. पण विद्यापीठात किंवा कॉलेजात जे अशा समितीवर बसतात, त्यांनी निकालाचा मधला भाग वाचायला हवा. एका समितीने कोणत्या तारखेला काय केलं, कुणाला किती वेळ दिला, कुठला कागद कधी हातात ठेवला, हे न्यायालयाने तिथे एकेक करून तपासलं आहे. तो भाग वाचून माझं मत पक्कं झालं आहे : तक्रार करणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभं राहायचं असेल, तर चौकशीत बोट ठेवायला जागा राहता कामा नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्याने मुलीचं नुकसान होत नाही. ती संधी नाकारली, की तिचीच साक्ष पुढे कोर्टात गळून पडते.

निकाल त्या प्राध्यापकांच्या नावाने ओळखला जातो. आरोपांचा फैसला नव्याने व्हायचा होता, म्हणून इथे ते नाव घेत नाही. विद्यार्थिनींची नावं तर कुणीच घ्यायची नसतात.

काय घडलं

ताळगावच्या पठारावरच्या या विद्यापीठात हे गृहस्थ १९९६ मध्ये राज्यशास्त्र विभागात तात्पुरते अधिव्याख्याते म्हणून रुजू झाले आणि २००३ मध्ये विभागप्रमुख झाले. २००९ च्या सुरुवातीला दोन विद्यार्थिनींनी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. पाठोपाठ आणखी तक्रारी आल्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्यासाठीची स्थायी समिती विद्यापीठात होती; तिने नोटिसा काढून चौकशी सुरू केली.

५ जून २००९ रोजी समितीने अहवाल दिला. त्यात प्राध्यापकांना दोषी धरून सेवेतून काढण्याची शिफारस होती. आठच दिवसांत, १३ जूनला, कार्यकारी परिषदेने अहवाल स्वीकारून त्यांना निलंबित केलं. त्यानंतर प्रशासनाची पावलं अडखळली. समितीचा अहवाल हाच अंतिम चौकशी अहवाल, की शिस्तभंगाच्या नियमांप्रमाणे वेगळी खातेनिहाय चौकशी करायची, यावर गोंधळ झाला. दुसरी चौकशी सुरू करून मग ती थांबवली गेली. १० मे २०१० रोजी बडतर्फीचा आदेश निघाला आणि पुढच्या सरकारी नोकरीलाही अपात्र ठरवण्यात आलं. एप्रिल २०११ मध्ये कुलपती या नात्याने राज्यपालांनी अपील फेटाळलं. १५ मार्च २०१२ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही याचिका फेटाळली. तिथून प्रकरण दिल्लीला गेलं आणि अकरा वर्षं राहिलं.

तेव्हाचा कायदा

२००९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आजचा कायदा नव्हता. विशाखा प्रकरणात १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं होती, आणि संसद कायदा करत नाही तोवर तीच पाळायची होती. दंडविधानातही लैंगिक छळ हा स्वतंत्र गुन्हा २०१३ मध्ये आला.

विशाखाची तत्त्वं कागदावरच राहताहेत हे दिसल्यावर ज्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यांत पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले होत्या. त्या पत्राचीच याचिका झाली. त्या याचिकेत २६ एप्रिल २००४ रोजी आदेश झाला, की विशाखाप्रमाणे नेमलेली तक्रार समिती हीच चौकशी प्राधिकारी मानावी आणि तिचा अहवाल हाच सेवा नियमांखालचा चौकशी अहवाल धरावा. हा आदेश किती मोलाचा आहे ते विद्यापीठात काम केलेल्यांना चटकन कळेल. त्याआधी मुलीने समितीपुढे सगळं सांगायचं, समितीने दोषी ठरवायचं, आणि मग खातेनिहाय चौकशीत वेगळ्या अधिकाऱ्यापुढे तिने तेच सगळं पुन्हा सांगायचं, असा प्रकार होता. तो फेरा या आदेशाने थांबवला.

त्याबरोबर समितीवर एक जबाबदारीही आली. अहवालावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते, तर ती चौकशी नुसती विचारपूस असून चालणार नाही. केंद्रीय नागरी सेवा नियमांतल्या नियम १४ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात म्हटलं आहे की समितीने नियमित खातेनिहाय चौकशीची पद्धत शक्य असेल तितपत पाळावी. गोव्याच्या प्रकरणातला सगळा वाद या तरतुदीभोवती फिरला. शक्य असेल तितपत म्हणजे समितीला थोडी मोकळीक आहे. पण ही मोकळीक समितीला झेपेल तशी, की प्रकरणाला लागेल तशी? न्यायालयाचं उत्तर दुसऱ्या बाजूला झुकलं.

मोकळीक खरोखर आहे, हे मात्र विसरता कामा नये. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचं १९७३ सालचं प्रकरण विद्यापीठांच्या वकिलांना पाठ असतं. मुलींच्या वसतिगृहात शिरून गैरवर्तन करणाऱ्या विद्यार्थ्यांविरुद्ध तक्रार झाली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले, आरोप काय आहेत ते विद्यार्थ्यांना सांगितलं, त्यांचं म्हणणं ऐकलं आणि मग त्यांना कॉलेजातून काढलं. मुलींना समोरासमोर उलटतपासणीला उभं केलं नाही म्हणून नैसर्गिक न्याय, म्हणजे शिक्षेआधी बाजू मांडायची न्याय्य संधी, मोडला, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. समोर आलं तर मुलींना धोका होता, आणि तेवढं कारण पुरेसं होतं. तेव्हा गोव्याचा निकाल वाचून कुणी असा अर्थ काढला, की आता प्रत्येक मुलीला आरोपीसमोर बसवून तासन् तास प्रश्न विचारावेच लागतील, तर तो चुकीचा आहे.

३९ दिवसांत काय झालं

समितीच्या सुनावण्यांच्या तारखांचा तक्ता न्यायालयाने निकालात मांडला. एप्रिलच्या अखेरीपासून ५ जूनपर्यंत ३९ दिवसांत १८ बैठका झाल्या. सुरुवातीला समिती सावधपणे चालली : नोटीस दिली, तक्रारींच्या प्रती दिल्या, उत्तराला वेळ दिला. म्हणूनच परत पाठवताना न्यायालयाने ५ मे ही तारीख निवडली. तोवरचं काम त्याने पुसून टाकलं नाही. त्यानंतर मात्र बैठका लागोपाठ होऊ लागल्या.

या घाईत नेमकं काय चुकलं ते एका क्रमात पाहायला हवं. काही तक्रारदारांचे जबाब प्राध्यापकांना पाठवले आणि उत्तर मागितलं. ते उत्तर व्हायच्या आत आणखी काही जणींचे जबाब नोंदवणं चालूच होतं, आणि तेही उत्तरासाठी पाठवले जात होते. साक्षीदारांची यादी बरीच उशिरा दिली, आणि दिल्यावर उलटतपासणीला व स्वतःचे साक्षीदार आणायला जेमतेम दिवस ठेवले. म्हणजे कोणत्या आरोपांना उत्तर द्यायचं आहे, तेच रोज बदलत होतं. दरम्यान प्राध्यापकांनी आजारपणाचं कारण देऊन मुदत मागितली. समितीला ती टाळाटाळ वाटली असावी. थोडी मुदत देऊन पुढे तिने एकतर्फी कामकाज उरकलं आणि अहवाल दिला.

समितीने घाई का केली असेल? निकालात याचं उत्तर नाही, पण ज्यांनी विद्यापीठाचं वर्ष जवळून पाहिलं आहे त्यांना अंदाज बांधता येतो. एप्रिल-मे म्हणजे परीक्षा. परीक्षा संपली, की मुली घरी जाणार. शेवटच्या वर्षाच्या मुली परत येणारच नाहीत. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होताना तोच माणूस विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलेला असेल, आणि मागे राहिलेल्या मुलींचे अंतर्गत गुण त्याच्या हातात असतील. अशा वेळी समितीतल्या प्रामाणिक माणसाला वाटतं, की जे करायचं ते आत्ताच. ही कळकळ मला समजते, आणि तिच्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. पण विद्यापीठाचं वेळापत्रक आणि चौकशीचं वेळापत्रक यांचा मेळ घालायला अंतरिम उपाय असतात. सुट्टीत गावी गेलेल्या मुलीचा जबाब नंतर घेता येतो. विभागप्रमुखपदाचा कार्यभार चौकशीपुरता दुसऱ्याकडे देता येतो. समोर खरा प्रश्न मुलींच्या सुरक्षिततेचा होता, आणि त्याचं उत्तर आरोपीची मुदत कापून देण्यात आलं.

न्यायालयाने म्हटलं, की मे महिन्यापासूनचं कामकाज नियमाला अपेक्षित पद्धतीपासून बरंच दूर गेलं आणि समितीने आपल्या अधिकाराचा वापर नैसर्गिक न्यायाची तत्त्वं डावलून केला. तक्रारी खोट्या होत्या असं निकालात कुठेही नाही. प्राध्यापक निर्दोष आहेत असंही नाही. त्यांना लगेच कामावर घेण्याचा किंवा मागचा पगार देण्याचा आदेश झाला नाही. चौकशी पुरी होऊन शिस्तभंग प्राधिकारी निर्णय घेईपर्यंत तसा दावा करता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पुन्हा तहकुबी मागायची नाही, हेही त्यांना बजावलं.

म्हणून हा निकाल ‘प्राध्यापकांचा विजय’ म्हणून सांगणं मला पटत नाही. त्यात सगळ्यांत मोठं नुकसान कुणाचं झालं? ज्या मुलींनी २००९ मध्ये विशी-बाविशीत धीर करून विभागप्रमुखाविरुद्ध सही केली, त्या २०२३ मध्ये पस्तिशीच्या आसपास होत्या. नोकरी, लग्न, मुलं, बदललेली शहरं. त्यांना पुन्हा बोलावून तीच घटना, तेच प्रश्न. इतक्या वर्षांनी एखादी आली नाही, तर तिला दोष कोण देणार?

तीच चौकशी आजच्या नियमांनी

आज विद्यापीठांना दोन चौकटी लागू आहेत. एक २०१३ चा कायदा, जो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. दुसरी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची विनियमावली, जी मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाली आणि जिच्यात कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थीही येतात. गोव्याच्या समितीपुढे यांतलं काहीच नव्हतं. आजच्या समित्यांना ती सबब नाही.

तक्रार आली की सात दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यायची. त्याने दहा दिवसांत उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो दोन्ही पक्षांना मिळाला पाहिजे. अपील झालं नाही, तर विद्यापीठाने ३० दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची. करायची नसेल तर कारणं लेखी द्यायची.

यातली ९० दिवसांची मुदत बहुतेक समित्या फक्त कमाल मर्यादा म्हणून वाचतात. मला वाटतं ती समितीच्या हक्काचीही आहे. कुलगुरू, विद्यार्थी संघटना, पालक, पत्रकार, कुणीही ‘अजून निकाल कसा नाही’ म्हणून दारात उभं राहिलं, तर समितीने ठामपणे म्हणावं की कायद्याने आम्हाला नव्वद दिवस दिले आहेत आणि त्यांतला एकही आम्ही फुकट घालवत नाही. गोव्याच्या समितीने ३९ दिवसांत जे केलं, तेच ९० दिवसांत पसरून केलं असतं, तर कदाचित अपिलाला आधारच उरला नसता.

एकतर्फी कामकाजाचा नियम आता स्पष्ट आहे. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिल्यावरच समितीला तसं करता येतं, आणि तेही पंधरा दिवस आधी लेखी नोटीस देऊन. नोटिशीचे ते पंधरा दिवसच गोव्याच्या ३९ दिवसांत कुठे बसले असते? वैद्यकीय दाखला आला आणि शंका वाटली, तर सरकारी रुग्णालयाकडून तपासून घ्यावा, आणि निर्णय काय झाला, का झाला, हे त्याच दिवशी इतिवृत्तात लिहावं. तहकुबी नाकारणं चुकीचं नसतं; कारण न लिहिता नाकारणं महागात पडतं.

तक्रारदार अनेक असतील तेव्हा काय करायचं, हा या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा आहे, कारण विभागप्रमुखाविरुद्ध एकीने तोंड उघडलं की दुसऱ्या येतातच. इथे नियमात तयार उत्तर नाही, म्हणून माझं मत सांगतो. पहिल्या तक्रारींची नोटीस काढताना समितीने एक तारीख जाहीर करावी : या विषयावर आणखी कुणाला तक्रार द्यायची असेल तर या दिवसापर्यंत द्या. त्या दिवसानंतर आलेली तक्रार नाकारायची नाही, पण तिची स्वतंत्र फाइल उघडायची, तिची नोटीस वेगळी, उत्तराची मुदत वेगळी. प्रत्येक मुलीची घटना, तारीख, जागा, साक्षीदार हे स्वतंत्र पानावर. सगळ्या तक्रारींचा एकच गठ्ठा केला, की एका जबाबातली ढिलाई सगळ्यांना भोवते. वेगळ्या ठेवल्या तर एखादी सिद्ध झाली नाही तरी बाकीच्या उभ्या राहतात.

उलटतपासणीचंही तसंच. आरोपीने प्रश्न लिहून द्यावेत, अध्यक्षांनी ते पाहून घटनेशी संबंध नसलेले, चारित्र्यावर घसरणारे प्रश्न गाळावेत, का गाळले ते लिहावं, आणि उरलेले मुलीला स्वतः विचारावेत. उत्तरं आरोपीला वाचायला द्यावीत, त्यावरून सुचलेले आणखी प्रश्न घ्यावेत. दोघं एका खोलीत येत नाहीत आणि संधीही मिळते. वकील या कायद्याखालच्या चौकशीत दोन्ही बाजूंना आणता येत नाही. त्यामुळे आरोपी अनुभवी प्राध्यापक आणि तक्रारदार एकोणीस वर्षांची मुलगी असेल, तेव्हा हे प्रश्न कोण गाळतं याला फार महत्त्व येतं.

समितीत कोण बसतं यावरही बरंच ठरतं. आयोगाच्या नियमाप्रमाणे अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. लहान कॉलेजांत हा नियम सर्रास मोडलेला दिसतो : प्राचार्यच अध्यक्ष, आणि बाहेरची व्यक्ती म्हणजे संस्थाचालकांच्या ओळखीतल्या कुणी बाई, ज्यांना बैठकीची तारीख वेळेवर कळतही नाही. अशा समितीचा अहवाल पहिल्याच अपिलात अडचणीत येऊ शकतो, आणि भोगावं लागतं ते तक्रार केलेल्या मुलीला.

तक्रार करणारीसाठी

तक्रार द्यायची मुदत तीन महिन्यांची आहे; घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. पुरेसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. ही मुदत किती कठोर आहे ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. तिथल्या एका महिला प्राध्यापकाने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार दिली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली होती. तक्रार मुदतीबाहेर ठरली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मानलं. न्यायालयाने वर एवढं केलं, की हा निकाल त्या कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहावा असा आदेश दिला. छळाची चौकशी मात्र झाली नाही.

ज्या मुलीचा गाईडच त्रास देतो आहे तिला तीन महिने म्हणजे काहीच नाहीत. प्रबंधावर त्याची सही लागते, फेलोशिपच्या अर्जावर त्याचीच. ती मनात म्हणते, एवढा प्रबंध जमा होऊ दे, मग बघू. मुदत बदलली पाहिजे, विद्यार्थ्यांसाठी तरी शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती मोजूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती बदलेपर्यंत मुलींना हा आकडा पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात माहीत हवा.

तक्रार साध्या मराठीत, इंग्रजीत, हिंदीत, कोंकणीत, कशीही लिहिली तरी चालते. कायद्याची कलमं लिहायची गरज नाही. काय झालं, कधी, कुठे, तेव्हा कोण होतं, नंतर कुणाला सांगितलं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अमुक पेपरच्या आदल्या दिवशी’ असं लिहावं. चुकीची तारीख ठामपणे लिहिण्यापेक्षा ते बरं. मेसेज, मेल, कॉलच्या नोंदी जपून ठेवाव्यात, मूळ फोनमधून पुसू नयेत, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. लिहायला जड जात असेल, तर समितीने मदत करायची असते. मुलगी शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या त्या अवस्थेतच नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक, समुपदेशक यांना तिच्या वतीने तक्रार देता येते. प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तक्रार संस्थाप्रमुखाविरुद्धच असेल, तर ती संस्थेच्या समितीकडे न देता जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यावी.

आणि त्याच अर्जात अंतरिम उपाय मागावेत. हे बहुतेक जणींना कुणी सांगत नाही. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाने तिचे पेपर तपासू नयेत, तोंडी परीक्षा घेऊ नये, तिच्या कामाबद्दल शेरा लिहू नये, असा आदेश समिती सुचवू शकते. गाईड बदलून मिळू शकतो. आरोपीला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते, परिसरात यायला मनाई करता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, हजेरीचं नुकसान न होता. २००९ मध्ये गोव्याच्या समितीकडे ही लिखित हत्यारं असती, तर जूनपूर्वी अहवाल दिलाच पाहिजे असा ताण तिच्यावर आलाही नसता.

समितीकडे गेलं म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५ आहे, पाठलागासाठी ७८. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात, आणि मुलीला गुन्हा नोंदवायचा असेल तर विद्यापीठाने मदत करायची असते. ‘आपल्यातच मिटवू’ म्हणून तिला अडवणं बेकायदा आहे. समेट तिने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, हे आयोगाच्या विनियमावलीने मान्य केलं आहे. त्यांची तक्रार आली की ‘आमच्याकडे फक्त मुलींचं’ म्हणून परत पाठवू नये.

निर्देशांनंतर

निकालाच्या अखेरीस खंडपीठाने एका इंग्रजी दैनिकाने केलेल्या पाहणीचा उल्लेख केला : देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ मध्ये नियमाप्रमाणे समितीच नव्हती. कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. म्हणून केंद्र आणि राज्यांना आदेश दिले, की विद्यापीठं धरून सगळीकडे समित्या आहेत का ते तपासा. सदस्यांचे फोन, ईमेल, तक्रारीची पद्धत संकेतस्थळावर ठेवा. सदस्यांना चौकशी कशी करायची याचं प्रशिक्षण द्या. याच प्रकरणातल्या ३ डिसेंबर २०२४ च्या आदेशात या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी नेमायला त्याच महिन्याची अखेर आणि स्थानिक समित्यांना जानेवारी २०२५ ची अखेर, अशा तारखाच घातल्या.

यातलं प्रशिक्षण हे सगळ्यांत दुर्लक्षित राहतं. ८ मार्चला व्याख्यान, पुष्पगुच्छ, फोटो, आणि अहवालात ‘जनजागृती कार्यक्रम संपन्न’. समितीतल्या प्राध्यापिका रसायनशास्त्र उत्तम शिकवतात, पण जबाब कसा नोंदवायचा हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहायचे असतात, मुलीचे शब्द आपल्या शुद्ध भाषेत बदलायचे नसतात, प्रत्येक पानावर तिची आणि उपस्थित सदस्यांची सही लागते, कामकाजाला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात. काल्पनिक प्रकरणावर अर्धा दिवस सराव केला, तर हे सगळं हातात बसतं. दर वर्षी नव्या सदस्यांसाठी तो सराव झाला पाहिजे.

सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे समिती बदलत राहते. फाइल मात्र तीच राहते, राहायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी ५ मे २००९ पासून पुन्हा घ्यायला सांगितली, तेव्हा विद्यापीठाला त्या तारखेपर्यंतचा प्रत्येक जबाब, प्रत्येक नोटीस आणि तिची पोच शोधून नव्या समितीच्या हवाली करावी लागणार होती. आपल्या कॉलेजात पाच वर्षांपूर्वीच्या तक्रारीची मोहोरबंद फाइल आज कुणाच्या ताब्यात आहे, आणि मागच्या अध्यक्षांनी ती कोणत्या तारखेला कुणाकडे सही घेऊन सोपवली, हे नव्या समितीने पहिल्याच बैठकीत विचारून लिहून ठेवावं.